ऑक्सिजनविना झिजलेले खडक

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत सुमारे 280 ते 290 कोटी वर्षांपूर्वीचे नदीतले गोटे घट्ट खडक होऊन बसले आहेत. त्यांच्या सांदीत पायराइट आणि युरॅनिनाइट या खनिजांचे गोलसर कण सापडतात. आजच्या ओलसर हवेत पायराइट गंजतो आणि युरॅनिनाइटमधले युरेनियम पाण्यात विरघळून जाते. तेव्हा मात्र हे कण प्रवाहात घासत गेले आणि तरीही टिकले. हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, हेच त्याचे सरळ स्पष्टीकरण. ही खनिजे नंतर गरम द्रावांतून साचली, असा आक्षेप आहे. काही पायराइट तसा आहेही; पण युरॅनिनाइटमधले थोरियम सुचवते, की हे खनिज ग्रॅनाइटसारख्या तप्त शिलारसातून जन्मले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: सिंधू नदीच्या वाळूत आजही युरॅनिनाइट मिळते. खरे आहे, जलद धूप होणाऱ्या पर्वतांखाली ते काही काळ तगते. पण ऑस्ट्रेलियातल्या पिल्बाराच्या प्राचीन नदीगाळात सिडेराइटचेही झिजलेले कण आहेत, आणि ऑक्सिजनयुक्त पाण्यात हे लोह-कार्बोनेट फार लवकर नासते.

झीज मात्र मुळीच थांबली नव्हती. कार्बन डायऑक्साइडमुळे आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी फेल्डस्पार या खनिजाची माती करतच होते. फरक पडला तो लोहाच्या बाबतीत: कोकणातल्या जांभ्यात ते गंजून जागीच राहते, तेव्हाच्या जमिनीतून मात्र विरघळून वाहून जाई.