मेंदूचा पक्षाघात : आयुर्वेदाकडून काय मागावे, काय मागू नये

पोलिओविषयी समाजात जेवढी जागृती झाली, तेवढी मेंदूच्या पक्षाघाताविषयी झालेली नाही. पल्स पोलिओ मोहिमेमुळे 2014 साली आपला देश पोलिओमुक्त ठरला. परंतु जे बालक मान उशिरा धरते, ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात, त्यास वैजापूर तालुक्याच्या खेड्यापाड्यांत आजही "पोलिओ झाला" किंवा "अंगावरून वारे गेले" असे म्हटले जाते. नाव चुकले की उपचारही चुकतो.

आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. बँकेत कारकुनी करणारे आहोत. परंतु अनुदानाचे खाते उघडण्यासाठी अशा मुलांना कडेवर घेऊन येणारे आईबाप आम्हास नेहमी भेटतात. त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, आयुर्वेदाने हे मुळातून बरे होते म्हणतात, खरे का?" या प्रश्नाचे उत्तर सोप्या भाषेत देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

आजार नेमका काय?

डॉक्टर ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो हात-पायांचा आजार नसून मेंदूच्या इजेचा परिणाम आहे. गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, मेंदू वाढत असताना, हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या भागास इजा होते. ही इजा पुढे वाढत नाही. परंतु भरूनही येत नाही. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन बालकांत हा दोष आढळतो. बहुतेकांचे स्नायू ताठर असतात. काहींचे हातपाय आपोआप वळवळतात, तर काहींचा तोल राहत नाही. काहींना फिट येतात, ऐकण्यात किंवा बोलण्यात अडचण असते. मात्र बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असे मुळीच नाही. अनेक मुलांची बुद्धी उत्तम असते.

कारणे कोणती?

इंग्लंडचे शल्यचिकित्सक विल्यम लिटल यांनी 1862 साली या आजाराचा संबंध कठीण बाळंतपणाशी जोडला. पुढे 1897 साली सिग्मंड फ्रॉइड यांनी लिहिले की, दोष पुष्कळदा गर्भातच सुरू झालेला असू शकतो. आज दोन्ही गोष्टी मान्य आहेत. दिवस पूर्ण होण्याआधी जन्म, कमी वजन, बाळ उशिरा रडणे, जन्मानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, डोक्यास मार ही कारणे होत. ग्रहण पाहिले किंवा मागील जन्मीचे पाप फळास आले, हे कारण नव्हे. आईस दोष देणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे.

लवकर कसे ओळखावे?

बाळाने चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, आठ-नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसले नाही, मुठी सतत मिटलेल्या राहिल्या, किंवा वर्षाच्या आतच ते एकच हात वापरू लागले, तर "होईल उशिरा, याचा बापही उशिरा चालला" असे म्हणून थांबू नये. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने वाढतो, शिकवणीस सर्वाधिक प्रतिसाद देतो. हा काळ हातचा गेला की परत मिळत नाही.

उपचाराचा कणा

या उपचाराचा कणा म्हणजे रोजचा व्यायाम. फिजिओथेरपिस्ट शिकवतील त्याप्रमाणे घरी दररोज सांधे हलविणे, बसण्याची व उभे राहण्याची सवय लावणे, टाचेचा स्नायू आखडू नये म्हणून स्प्लिंट वापरणे, जेवणे, कपडे घालणे, बोलणे यांचे शिक्षण देणे. गरजेप्रमाणे ताठरपणा कमी करणारी औषधे, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया करतात. खुब्याचा सांधा हळूहळू निखळू शकतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने अधूनमधून एक्स-रे काढावा लागतो.

आयुर्वेदाचे स्थान

आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत या आजारास एकच असे नाव नाही. वैद्य त्याचा विचार मुख्यतः वातव्याधीत करतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 28 वा अध्याय वातव्याधीवर आहे. स्नेहन म्हणजे तेल लावणे, स्वेदन म्हणजे शेक आणि बस्ती हे त्यातील प्रमुख उपाय. बला तेल, क्षीरबला तेल, महानारायण तेल यांचा अभ्यंग करतात. साठ दिवसांत पिकणारा साळीचा भात दूध व बलामुळाच्या काढ्यात शिजवून, त्याच्या पुरचुंडीने शेकतात. त्यास षष्टीशाली पिंडस्वेद म्हणतात.

यांनी ताठरपणा काहीसा सैल पडतो, झोप सुधारते, असे काही लहान अभ्यासांत नोंदले आहे. पण हे अभ्यास थोड्या मुलांवर झाले, आणि अनेकदा सोबत व्यायामही चालू होता. त्यामुळे आमचे मत असे : अंग सैल करून मुलास व्यायामासाठी तयार करणे, एवढे काम तेल-शेकाकडून जरूर मागावे. मेलेली मेंदूची पेशी जिवंत करणे मागू नये. ते कोणत्याच पॅथीला आज शक्य नाही.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. मालिश करताना हातपाय ओढू नयेत; अशा मुलांची हाडे नाजूक असतात. नाकात तेल किंवा तूप सोडू नये. गिळण्यात अडचण असलेल्या मुलाच्या फुप्फुसात ते जाऊन न्यूमोनिया होतो. वाग्भटानेही सात वर्षांखालील मुलास नस्य निषिद्ध ठरविले आहे. फिटचे औषध कोणाच्या सांगण्यावरून एकाएकी बंद करू नये. निनावी पुड्या व भस्मे देऊ नयेत. अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आणि "शंभर टक्के खात्री" देणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहावे. पक्षाघात व मेंदूच्या विकारांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात करणे हा 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आयुर्वेदाचा एक उपयोग मात्र फार मोठा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला. त्याच्या पथकांत आयुष डॉक्टर असतात, आणि त्यांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत. ते वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन बालके तपासतात. त्या दिवशी आपले मूल लाजेने घरात लपवू नये. तेथून उपजिल्हा रुग्णालय व पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची वाट सापडते.

एक उदाहरण

मालिनी चिब यांचा जन्म 1966 सालचा. त्यांना हाच आजार आहे. त्यांच्या मातोश्री डॉ. मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत अशा मुलांची शाळा व संस्था सुरू केली. मालिनीताईंनी सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करीत आत्मचरित्र लिहिले. त्यांचा आजार गेला नाही. शिक्षणाने त्यांचे आयुष्य उभे केले. सर्वांनाच मुंबई-लंडन साधणार नाही, पण गावच्या शाळेचा उंबरठा सर्वांसाठी आहे.

हक्काच्या गोष्टी

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा स्पष्ट समावेश आहे. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र व युडीआयडी कार्ड आधी काढावे. पुढील सवलती त्यावरच मिळतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. मूल 18 वर्षांचे झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ज्यास व्यवहार समजतो, तो अंगठा लावूनही स्वतःचे खाते चालवू शकतो. ज्यास समजत नाही, त्याच्यासाठी जिल्हाधिकारी ज्या स्थानिक समितीचे अध्यक्ष असतात, तिचे पालकत्व प्रमाणपत्र बँकेत चालते. ही कागदपत्रे वेळीच करून ठेवावीत, ही आमची आग्रहाची विनंती.

खात्रीच्या इलाजासाठी शेत विकू नका, दागिना गहाण ठेवू नका. तेल लावायचे तर जाणत्या वैद्याच्या सल्ल्याने जरूर लावा. पण त्यानंतरचा व्यायाम एक दिवसही चुकवू नका. ज्यांच्या शेजारी असे मूल आहे, त्यांनी हळहळण्यापेक्षा त्या आईस दिवसातून तासभर विसावा द्यावा. तिच्या मुलाच्या प्रगतीस त्याचाही हातभार लागेल.