हवामान-न्यायाची चळवळ आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय

हवामानविषयक कायदे अधिक कडक व्हावेत म्हणून चालणाऱ्या लोकचळवळींचे मोल सामान्यतः मोर्चांच्या आकारावरून ठरविले जाते. पॅसिफिक महासागरातील विद्यार्थ्यांनी २०१९ साली आरंभिलेल्या चळवळीला ही मोजपट्टी पुरत नाही. तिचे खरे सामर्थ्य प्रश्नाच्या मांडणीत होते.

हा प्रश्न जुनाच आहे. समुद्राची पातळी वाढून होणाऱ्या हानीसाठी औद्योगिक राष्ट्रांच्या पैशातून विमानिधी उभारावा, अशी सूचना वानुआतूने लहान द्वीपराष्ट्रांच्या वतीने १९९१ सालीच केली होती. ती मान्य झाली नाही. पुढे २०१५ च्या पॅरिस कराराच्या आठव्या कलमात ‘हानी व नुकसान’ यांचा उल्लेख आला खरा. परंतु हे कलम दायित्वाचा अथवा भरपाईचा आधार ठरणार नाही, असे त्याच परिषदेच्या निर्णयात नमूद करून ठेवण्यात आले. नुकसान मान्य, दायित्व मात्र अमान्य! अशा व्यवस्थेत साहाय्य मिळालेच तर ते दानधर्माच्या पातळीवर राहते. त्यावर हक्क सांगता येत नाही.

ही कोंडी फोडण्याचा विचार वानुआतूची राजधानी पोर्ट व्हिला येथे, दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी केला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून सल्लात्मक अभिमत मागवावे, असे त्यांनी ठरविले. परंतु असे अभिमत कोणाही नागरिकाला, किंबहुना एकट्या राष्ट्रालाही, मागता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९६ व्या कलमान्वये कोणत्याही कायदेविषयक प्रश्नावर ते मागण्याचा अधिकार आमसभेला व सुरक्षा समितीला आहे; अन्य संस्थांना त्यासाठी आमसभेची अनुज्ञा लागते. म्हणजे विद्यार्थ्यांना प्रथम एक शासन हवे होते आणि त्या शासनाला आमसभेतील बहुमत. २०११ मध्ये पलाऊने असाच प्रयत्न आरंभिला होता. तो आमसभेच्या ठरावापर्यंत पोहोचला नाही. या वेळी २०२१ साली वानुआतूच्या शासनाने मागणी उचलून धरली, आणि इतर खंडांतील तरुणांच्या व नागरी संघटनांनी आपापल्या सरकारांमागे लकडा लावला.

प्रश्न दुहेरी होता: हवामानाच्या रक्षणाबाबत राष्ट्रांची कर्तव्ये कोणती, आणि ती मोडून इतरांना लक्षणीय अपाय करणाऱ्या राष्ट्रावर कोणते कायदेशीर परिणाम ओढवतात? दुसऱ्या भागाचा रोख पॅरिस येथे मिटविलेल्या वादाकडे होता, हे उघड आहे. आमसभेने २९ मार्च २०२३ रोजी हा ठराव मतदानावाचून संमत केला. त्याच महिन्याच्या आरंभी वानुआतूला एका आठवड्यात दोन चक्रीवादळांनी झोडपले होते.

न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने अभिमत दिले. हवामानविषयक करारांमुळे रूढ आंतरराष्ट्रीय कायदा बाजूस सारला जात नाही. इतरांच्या पर्यावरणास मोठी हानी पोहोचू नये म्हणून यथोचित दक्षता घेण्याचे कर्तव्य, करारात असलेल्या व नसलेल्या, सर्व राष्ट्रांवर आहे. उत्सर्जन घटविण्याचा राष्ट्रीय संकल्पही सर्वस्वी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. कोळसा-तेलादी इंधनांचे उत्पादन, त्यांच्या शोधाचे परवाने वा त्यांना दिलेली अर्थसाहाय्ये यांतूनही कर्तव्यभंग घडू शकतो, आणि घडल्यास कृत्य थांबविण्यापासून पूर्ण भरपाईपर्यंतचे परिणाम लागू होतात.

भारतीय अभ्यासकाने यात एक गोष्ट विशेष पाहावी. डिसेंबर २०२४ मधील सुनावणीत भारताने विकसित राष्ट्रांच्या ऐतिहासिक जबाबदारीवर भर दिला, आणि प्रचलित करारांपलीकडे नवी बंधने न्यायालयाने निर्माण करू नयेत असेही सुचविले. समान परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व न्यायालयाने स्वीकारले. मात्र ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ ही स्थिती कायमची नसते, असेही म्हटले. हे म्हणणे दिल्लीला जितके लागू, तितकेच बीजिंगलाही.

अभिमत बंधनकारक नाही, आणि भरपाईचा मार्गही सुकर नाही. विशिष्ट राष्ट्राचे कृत्य व विशिष्ट हानी यांतील पुरेसा थेट व निश्चित कार्यकारणसंबंध प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागेल. हे कठीण असले तरी अशक्य नाही, असे न्यायालयाचे मत आहे. आणि पुढील वादांत हवामानशास्त्रज्ञाची साक्ष वकिलाच्या युक्तिवादाइतकीच निर्णायक ठरण्याचा संभव आहे तो यामुळेच.