‘न्यू मून’मधली कोरी पानं

“मावशी, माझ्या पुस्तकात छपाई राहिलीये!” माजिवड्याहून भाचीचा फोन. पुस्तक होतं ‘न्यू मून’ (2006), स्टेफनी मायरच्या ‘ट्वायलाइट’ व्हॅम्पायर-मालिकेतलं दुसरं. एडवर्ड बेलाला सोडून जातो आणि पुढे पानापानावर फक्त महिन्याचं नाव: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बाकी कोरं.

छपाई बरोबर आहे. कथनशास्त्रात आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मोजतो: कथेत किती काळ गेला आणि तो सांगायला किती पानं लागली. जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकाने 1972 मध्ये हा हिशेब नीट मांडला. काळ सरकला पण मजकूर शून्य, याला आपण ‘वगळ’ म्हणू. एरवी लेखक ‘चार महिन्यांनी’ एवढं लिहून सुटतात. मायर मात्र ती वगळ तुम्हाला हाताने उलटायला लावते. मालिकेतली ही मला सगळ्यात आवडलेली जागा.

मग जेकबच्या शेडमध्ये जुन्या मोटारसायकली दुरुस्त होतात आणि बेला हळूहळू माणसांत येते. इथे व्हॅम्पायर जवळजवळ नाहीतच. नारायण धारपांची ‘लुचाई’ वाचून आलेल्यांना हा भाग रटाळ वाटेल. मला नाही वाटला.

बिघडतं ते पुढे. धोका पत्करला की बेलाला एडवर्डचा आवाज ऐकू येतो. आवाज दटावतो खरा, पण ती दटावणी ऐकायलाच ती नवा धोका शोधते, शेवटी कड्यावरून समुद्रात उडी मारते. कोऱ्या पानांनी जे हिरावलं होतं ते लेखिका असं फुकटात परत देते, वर बक्षीस म्हणून एडवर्डही. तेही एका फोनवरच्या गैरसमजातून, इटलीपर्यंत धावपळ करून. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्येही चिठ्ठी पोचत नाहीच म्हणा, पण तिथे त्याची किंमत मोजावी लागते.

भाची पंधरा वर्षांची आहे, म्हणून मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ती पानं कोरी आहेत कारण कथा बेला सांगतेय. तिच्या वडिलांचे ते महिने कोरे नव्हते. बऱ्याच पुढे चार्ली ॲलिसला सांगतो की मुलीला तसं बघताना त्याचं काय झालं, आणि बेला पडल्या पडल्या ते ऐकते. भाची अजून तिथवर पोचलेली नाही. पोचली की मी तिला ती चार पानं पुन्हा उघडायला सांगणार आहे.