मण्याला भोक पाडतं कोण?

किनवट-मुखेडकडच्या नाहीतर उदगीर-अहमदपूरकडच्या एखाद्या तांड्यावर कधी गेलात, तर तिथल्या बंजारा आजीची कांचळी (चोळी) आणि फेटिया (घागरा) नीट बघा. आरसे, नाणी, रंगीत मणी, कवड्या! पण थांबा. कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. नांदेड-लातूरपासून समुद्र तर शेकडो किलोमीटर लांब. मग ती इथं आली कशी?

पूर्वी मालदीव बेटांवरच्या कवड्या आपल्या देशात चक्क पैसे म्हणून चालायच्या. आणि आजीचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. कवडी हातोहात फिरली आणि शेवटी कपड्यावर बसली! मणीही असेच जुने प्रवासी. लातूरजवळचं तेर हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार करायचं. तिथल्या उत्खननात कितीतरी मणी सापडले आहेत.

आता खरी गंमत. मोहरीएवढ्या काचेच्या मण्याला भोक कोण पाडतं? कुणीच नाही! तापून मऊ झालेल्या काचेच्या गोळ्यात आधी हवेचा बुडबुडा ठेवतात आणि गोळा भराभर ओढत नेतात. काच ताणली जाते, तसा आतला बुडबुडाही ताणला जातो. तयार होते लांबच लांब पोकळ नळी. तिचे तुकडे केले की प्रत्येकात भोक आयतंच! मग तुकड्यांच्या भोकांत पूड भरून ते गरम करत घोळवतात. धारदार कडा गोल होतात आणि पुडीमुळे भोक बुजत नाही. आणखी एक गंमत: मण्याचा नंबर जितका मोठा, तितका मणी लहान.

असे मणी कापडावर भरायचं काम मुंबईचे कारागीर परदेशी डिझायनरांसाठीही करतात. डिझायनर चित्र काढतो. कारागीर त्या कागदावर रेषेरेषेनं बारीक भोकं पाडतात. याला म्हणतात खाका. त्यावरून पूड फिरवली की कापडावर ठिपके उमटतात. मग कापड लाकडी चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, ताणायचं आणि टोकाला आकडा असलेल्या आरी नावाच्या सुईनं साखळीटाका घालत मणी बसवायचे. धागा कापडाखालून येतो, म्हणजे खालचा हात न बघताच काम करतो! साखळीटाक्याचं शेवटचं टोक नीट बांधलं नाही, तर एका ओढीत सगळी रांग उसवते. मणी किती जवळ घ्यायचे, धागा किती ओढायचा, हे चित्रात लिहिलेलं नसतं. ते कारागिराच्या बोटांना ठाऊक असतं.

30 मार्च 2023 ला पॅरिसच्या डिओर कंपनीनं गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला. तेव्हाच्या मुख्य डिझायनर होत्या मारिया ग्राझिया क्युरी. भरतकाम होतं करिश्मा स्वाली यांच्या मुंबईतल्या चाणक्य कार्यशाळेतल्या कारागिरांचं. त्यांनीच तिथं भलंमोठं तोरणही भरलं. अशा कपड्यांवर नाव मात्र कंपनीचंच असतं. म्हणून सुंदर भरतकाम दिसलं की विचारायचं, ‘हे कुणी भरलंय?’

सुट्टीत तेरच्या संग्रहालयात जुने मणी बघून या. आणि तांड्यावरच्या आजीकडून एक तरी टाका शिका. बोटाला सुई टोचली तरी चालेल, मणी घट्ट बसला पाहिजे!