लेकरांचे वाचन: काही रूढ गैरसमज

आष्टी आणि सबंध परतूर तालुका ज्या निजामी अमलातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, त्या अमलात सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे ‘आमच्या घरात कुणी पुस्तक धरले नाही, आम्ही लेकराला वाचनाची गोडी काय लावणार?’ हा येथील पालकांचा संकोच समजू शकतो. परंतु तो निराधार आहे. ज्या आजीने जात्यावरच्या ओव्या आणि श्रावणातल्या कहाण्या मुखोद्गत केल्या, तिने नातवाच्या कानांवर शब्दसंपत्ती आणि कथेची घडण यांचा संस्कार अक्षरओळखीच्या कितीतरी आधी केलेला असतो.

म्हणूनच बाराखडी आल्यावाचून पुस्तक हाती देऊ नये, हा समजही चुकीचा ठरतो. चार वर्षांचे मूल मांडीवर बसून चित्रातल्या मांजराच्या शेपटीवर बोट ठेवते, पान उलटू पाहणारा आपला हात अडवते आणि तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते, तेव्हा ते वेळ दवडत नसते. पुढचा शब्द आपणास ठाऊक आहे, याची ते खातरजमा करीत असते.

गोष्टींमुळे अभ्यासाचा खोळंबा होतो, असे मानणाऱ्यांनी एवढेच पाहावे की पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ हीच संस्था १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालवीत आहे, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

मात्र सर्वांत घातक समज मला वाटतो तो निराळाच: वाचून झाले की तात्पर्य विचारलेच पाहिजे. फ्रेंच लेखक व शिक्षक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. त्यांत पाने गाळण्याची, पुस्तक अर्धवट सोडण्याची, पुन्हा वाचण्याची, इतकेच नव्हे तर मुळीच न वाचण्याची मुभा आहे. ही मुभा आपण मोठी माणसे निर्वेधपणे उपभोगतो आणि मुलांना मात्र नाकारतो. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळाशाळांतून साजरा होतो, तो व्हावाच. परंतु दुसऱ्या दिवशी फाटण्याच्या भयाने पुस्तके कपाटात कुलूपबंद होत असतील, तर मुख्याध्यापकांनी ते कुलूप काढावे, फाटलेल्या पानाची भरपाई मुलाकडून मागू नये आणि ते चिकटविण्याचे काम त्याच मुलाला सोबत घेऊन करावे.