इंजिनाचा द्वारपाल

मोटारीचें इंजिन जितकें थंड तितकें चांगलें, अशा समजुतीनें पुष्कळ लोक उन्हाळ्यांत थर्मोस्टॅट काढून टाकतात. वस्तुतः ही लहानशी झडप म्हणजे इंजिनाचा द्वारपालच होय. तिच्या धातूच्या डबींत मेण असतें. इंजिन थंड असतां झडप मिटलेली राहते व पाणी रेडिएटरकडे न जातां इंजिनांतच फिरतें. उष्णमान सुमारें ८० ते ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढलें, कीं मेण वितळून फुगतें, झडप उघडते आणि पाण्याला वाट मिळते. झडपच नसेल, तर इंजिनाला पुरेशी ऊब येण्यास फार वेळ लागतो. पेट्रोल अधिक जळतें, तेलांत ओलावा सांचतो आणि सिलिंडर झिजतात. उलट, झडप मिटलेलीच अडकली, तर पाणी उकळूं लागतें. तेव्हां बिघडलेला द्वारपाल बदलावा. दार सताड उघडें टाकूं नये.