टोनआर्म: मोजमाप आणि कानाचा कौल

१९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलिस्टर रॉबर्टसन-एकमन यांना स्वतःच्या रेकॉर्ड-प्लेअरसाठी चांगला टोनआर्म, म्हणजे सुई पेलणारा दांडा, हवा होता, म्हणून त्यांनी तो आपल्याच एसएमई कंपनीत बनवून घेतला. ध्वनिक्षेत्रातल्या मित्रांना तो पसंत पडला आणि ३०१२ हा बारा इंची आर्म बाजारात आला. जन्म हौसेतून, पण त्यामागचं गणित जुनं. सुईचा कोन चुकण्याचा प्रश्न पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्येच ‘द ग्रामोफोन’ मासिकात मांडला होता. लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेरवाल्ड यांनी १९४१ मध्ये त्याची समीकरणं पक्की केली.

मूळ तबकडी कापणारी सुई सरळ रेषेत आत सरकते. आपला आर्म मात्र एका टोकाशी खिळलेला, त्यामुळे तो कंसात फिरतो. सुईचं मधल्या खुंटीच्या पुढे येणं आणि हेडशेलचा (आर्मच्या सुईकडच्या टोकाचा) तिरकेपणा नेमका बसवला, तर प्रत्येक बाजूवर दोन ठिकाणी चूक शून्य होते, एरवी ती अंश-दोन अंशांत राहते. आर्म लांब केला की चूक घटते, पण वजन वाढतं.

इतकं सगळं मोजता येत असूनही आवडीनिवडीचा वाद पेटला. शूअर कंपनीच्या लवचिक कार्ट्रिजसारख्या (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग) कार्ट्रिजच्या चलतीत आर्म हलके होत गेले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला एसएमई सिरीज थ्री हे त्याचं टोक. पुढे ताठ मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचं वेड आलं. ती हलक्या आर्मवर चढवून ऐकणारे म्हणू लागले, या आर्ममध्ये दम नाही. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. आर्म आणि कार्ट्रिजचं मिळून सुईपाशी जाणवणारं वजन अन् सुईची लवचिकता यांतून एक कंप ठरतो. तो ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावा. एकूण २० ग्रॅमला १० लवचिकतेची सुई लावली की तो ११ वर येतो. २५ लवचिकतेची लावली की ७ वर घसरतो आणि वाकड्या तबकडीबरोबर आर्म डुलू लागतो. उलट १२ ग्रॅमवर ६ लवचिकतेची ताठ सुई चढवली, तर कंप १९ च्या घरात, थेट संगीताच्या उंबऱ्यावर पोचतो. पुष्कळदा ज्याला लोक आवड-नावड म्हणत होते, ती नुसती विजोड जोडी होती.

पण कानावर विसंबणारेही रिकाम्या हाती नव्हते. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टीरिओफाइल’ काढलं ते ऐकून परीक्षण करण्याच्या आग्रहातून. आर्मची नळी स्वतः थरथरते, ती थरथर आवाजात मिसळते, अशी तक्रार ऐकणारे करत होते. १९७७ मध्ये ब्रूएल अँड केअर या डॅनिश कंपनीच्या पोल लाडेगार्ड यांनी अशा यांत्रिक कंपांचे कानाला जाणवणारे परिणाम मोजमापासह मांडले. १९८३ चा रेगा आरबी३०० तर अख्खी नळी एकसंध ओतीव ॲल्युमिनियमची करून आला, आणि परवडणाऱ्या किमतीत.

अंध चाचणीने (काय वाजतंय हे न सांगता ऐकवून) हा वाद मिटेल, असं ॲम्प्लिफायरच्या बाबतीत म्हणता येतं; तिथे एक बटण पुरतं. आर्म बदलायचा तर कार्ट्रिजचे दोन बारीक स्क्रू सोडवा, चार तारा चिमट्याने काढा-घाला, वजन आणि कोन नव्याने जुळवा. तेवढ्या वेळात आधीचा आवाज स्मरणात पुसट होतो, आणि जुळवणीतला किरकोळ फरकही आर्मच्या नावावर खपतो.

शिवाय गणितातही निवड करावीच लागते. एलपीच्या बाजूच्या सुरुवातीला सुईखालून खाच सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, शेवटी जेमतेम २१. तिथे कोनाची तेवढीच चूक जास्त बोचते. १९६६ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये स्टीव्हनसन यांनी म्हणूनच शून्य चुकीची एक जागा अगदी आतल्या खाचेवर ठेवली. बेरवाल्डच्या जुळवणीत बाजूच्या बऱ्याच भागात विकृती कमी, स्टीव्हनसनच्या जुळवणीत शेवट स्वच्छ. आपल्या ख्यालाच्या एलपीवर विलंबित आधी आणि द्रुत शेवटी. किशोरी आमोणकरांच्या भूपात ‘सहेला रे’ येतं ते बाजूच्या उत्तरार्धात, आतल्या खाचांकडे जाताना. मधल्या भागातलं नुकसान मान्य करून माझ्या ख्यालाच्या तबकड्यांसाठी मी स्टीव्हनसनच लावतो.